चिमट्याला पावडर की पीयू?

१९९६ साली बनायची बंद झालेली यामाहाची आरएक्स १०० मोटरसायकल नाशकात उघडून बसलात, की अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींकडून येणारा सल्ला ठरलेला: ‘पावडर मारून टाका, कटकटच नको.’ म्हणजे पावडर कोटिंग: रंगाची भुकटी मारून भट्टीत भाजायची. मीही चेसिस, स्टँड आणि चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंग आर्म) गोणीत भरून दिलं. चार दिवसांनी माल आला. जवळपास दोनशे अंशांवर भाजून निघालेला कोट, नखाने ओरखडा उठेना. खूश होतो.

मग चिमटा बसवला आणि शेजारी बॅटरीचा डबा आला.

डब्याची आतली बाजू मी मुद्दाम रंगवली नव्हती. ऊन न लागलेला कंपनीचा काळा तिथे शिल्लक होता. धड चकचकीत नाही, धड मॅट नाही. तव्यावर तेलाचं फडकं फिरवल्यावर येते तेवढीच झाक. त्याच्यापुढे माझा चिमटा सोसायटीच्या गेटसारखा चमकत होता. पावडरवाला म्हणाला, “ग्लॉसी आहे, मॅट आहे. मधलं पाहिजे तर अख्खा खोका मागवावा लागेल, दादा.” त्याचंही चूक नाही. पावडर तयार होऊनच येते, तिची चमक दुकानात बसून कमी-जास्त करता येत नाही.

पीयूत, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या पॉलियुरेथेन रंगात, ते जमतं. पेंटरने चमक मारणारी मॅटिंग पेस्ट थोडी थोडी घालत पत्र्याच्या तुकड्यांवर मारून पाहिलं. तिसरा तुकडा डब्याशी जुळला. ओल्या रंगावर निर्णय घेऊ नका, सुकताना चमक उतरते.

पीयूचे नखरे आहेतच. हार्डनरला दमट हवा सोसत नाही, बारीक फोड येतात, म्हणून पावसाळ्यात मी तरी हात लावणार नाही. त्यात फुफ्फुसांना घातक असं आयसोसायनेट असतं, तेव्हा घरी मारणाऱ्याचं नुसता रुमाल बांधून भागत नाही.

स्टँड मी पावडरचंच ठेवलं. लाथा खायच्या तर तेच बरं. चेसिसही तसंच, टाकी-सीटखाली कोण बघतंय! फक्त चेसिस नंबरवर आणि बुशच्या जागी टेप लावायला आधीच सांगा, जाड थरात आकडे बुजतात.

चिमटा मात्र जुना थर उडवणाऱ्या ब्लास्टिंगपासून पुन्हा केला, पीयूत. पैसे दोनदा गेले. परवा चेन ताणताना पाना सटकून टवका उडाला. डबीतल्या उरलेल्या रंगात दोन थेंब हार्डनर घातलं, काडीने भरलं. आता ती जागा मलाही शोधावी लागते.