मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर खरे, वेळ फसवी

दोन शहरांमधील विमानप्रवासाचे अंतर आणि अवधी सांगणारे एक मोफत संकेतस्थळ मी डिसेंबरातील न्यूयॉर्कच्या प्रवासाची आखणी करताना वापरले. शहरांची नावे टाकली की नकाशावर एक रेषा उमटते आणि खाली किलोमीटर, सागरी मैल, उड्डाणाचा अवधी व दोन्हीकडील घड्याळे दिसतात. जाहिराती आहेत, पण त्या वाट अडवत नाहीत.

अंतराचा आकडा विश्वासार्ह आहे. सुमारे १२,५४० किलोमीटर, म्हणजेच जवळपास ६,७७० सागरी मैल, हे पृथ्वीच्या गोलावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर होय. ही रेषा मुंबईहून सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेकडे झुकते, पाकिस्तान, अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया आणि फिनलंड ओलांडत आइसलँडच्या पूर्वेला ६५ अंश अक्षांशाच्या आसपास पोहोचते आणि तेथून कॅनडाच्या लॅब्राडोरमार्गे खाली उतरते. भिंतीवरच्या सपाट नकाशामुळे अमेरिका म्हणजे थेट डावीकडे अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी ही रेषा एकदा अवश्य पाहावी.

अवधीच्या बाबतीत मात्र हे संकेतस्थळ निराशा करते. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा ते १४ तास २६ मिनिटे सांगते. अंतराला ताशी ९०० किलोमीटरने भागून त्यात अर्धा तास मिळवला की नेमका हाच आकडा येतो; म्हणजे वाऱ्याचा विचारच केलेला नाही. प्रत्यक्षात नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे झोतवारे हिवाळ्यात ताशी २०० किलोमीटरचाही वेग गाठतात, त्यामुळे जाताना विमान वाऱ्याशी झुंजते आणि येताना तोच वारा पाठीशी असतो. शिवाय एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केल्याने भारतीय कंपनीच्या विमानाला वळसा घ्यावा लागतो. माझ्या तिकिटावर जातानाच्या थेट उड्डाणाला १६ तासांहून अधिक वेळ होता आणि परतीचे उड्डाण त्यापेक्षा बरेच लवकर संपणारे होते. विमान बदलून जाणाऱ्यांना तर या आकड्याचा काहीच उपयोग नाही, कारण मधल्या थांब्याचे तास त्यात येतच नाहीत.

घड्याळांची चूक अधिक खटकली. न्यूयॉर्कचे घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जाते, त्यामुळे हिवाळ्यात दोन शहरांतील फरक साडेदहा तासांचा असतो; संकेतस्थळ मात्र डिसेंबरातही उन्हाळ्यातला साडेनऊ तासांचाच फरक दाखवत होते. त्यावर विसंबून मी एका रविवारी दुपारी साडेचारला मुलीला फोन लावला, तिकडे सकाळचे सात वाजले असतील या हिशेबाने. तेथे सहाच वाजले होते.

अंतरासाठी पाचपैकी चार तारे आणि वेळेसाठी, मुलीच्या आग्रहाखातर, एक.