लीग की युनियन? टॅकलनंतर काय होतं ते आधी बघा

रग्बीचे दोन प्रकार आहेत, लीग आणि युनियन. त्यातला कोणता खेळायचा, हा प्रश्न मुंबईत फारसा पडत नाही. बॉम्बे जिमखान्यापासून शाळांपर्यंत जे रग्बी खेळलं जातं ते युनियन, आणि पुष्कळदा तिचं सात जणांचं छोटं रूप. पण सिडनी, ब्रिस्बेन किंवा लीड्सला राहायला गेलात आणि घरातल्या कुणी ‘रग्बी खेळायचंय’ म्हटलं, की दोन वेगळ्या क्लबांची दारं समोर येतात. चेंडू अंडाकृतीच, सामना ८० मिनिटांचाच, हाताने पुढे पास देता येत नाही हेही तेच. फरक सुरू होतो तो खेळाडू खाली पडल्यावर.

लीगमध्ये चेंडू असलेला खेळाडू पकडला गेला, म्हणजेच टॅकल झाला, की पंच ‘हेल्ड’ म्हणतो आणि चेंडूसाठीची झटापट तिथेच थांबते. पाडणाऱ्यांनी सोडायचं. पडलेल्याने उठायचं, समोरच्या गोलरेषेकडे तोंड करायचं, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सरकवायचा. मागे उभा असलेला, बहुधा हुकर, तो उचलतो. समोर बचावाचे जास्तीत जास्त दोन मार्कर, तेही अगदी सरळ उभे. बाकीच्यांनी १० मीटर मागे पळायचं. असे सहा टॅकल झाले की चेंडू दुसऱ्या संघाकडे. म्हणून पाचव्या टॅकलनंतर बहुतेक वेळा किक येते.

नवखे चुकतात ते इथेच. घाईत अर्धवट उठून चेंडू सरकवायला जातात आणि तो हातातून सुटतो. मार्कर तिरका उभा राहतो, पेनल्टी बसते. आणि दमलेला बचावपटू १० ऐवजी ७ मीटरच मागे जातो. हे १० मीटर मागे जाणं, मग पुढे धावून टॅकल, पुन्हा मागे, हाच खरं तर लीगचा अर्धा खेळ आहे. वरच्या दर्जाच्या सामन्यात हुकर किंवा १३ नंबरचा लूज फॉरवर्ड ४० च्या आसपास टॅकल करतो.

युनियनमध्ये टॅकलची मोजणी नाही. पडलेल्याने चेंडू लगेच सोडायचा, टॅकल करणाऱ्याने त्याला सोडून बाजूला व्हायचं, आणि पायांवर उभा असलेला कुणीही चेंडूवर हात घालू शकतो. दोन्हीकडचे जण चेंडूवर एकमेकांना भिडले की रक होतो, आणि त्यानंतर हात लावणं बंद. कबड्डीतून येणाऱ्याची अडचण हीच: रेडरला धरून ठेवायची सवय अंगात मुरलेली असते, आणि इथे पाडल्यावरही पकड सोडली नाही तर पेनल्टी. ती महागात पडते, कारण युनियनमध्ये पेनल्टी किकचे ३ गुण आहेत, लीगमध्ये २. ट्रायचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवण्याचे, युनियनमध्ये ५, लीगमध्ये ४. त्यानंतर गोलावर मारायच्या किकचे, म्हणजे कन्व्हर्जनचे, दोन्हीकडे २. त्यामुळे लीगमधले संघ पेनल्टी मिळाली तरी बऱ्याचदा गोलावर किक न मारता हल्लाच पुढे चालू ठेवतात.

हा फरक आला कुठून? १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडचे क्लब वेगळे झाले. सामन्यासाठी कामगार खेळाडूंचा खाडा पडायचा, त्याची भरपाई देण्यावरून वाद होता. पुढे १९०६ मध्ये त्यांनी खेळाडू १५ वरून १३ केले आणि पायाने चेंडू मागे देण्याची पद्धत आणली. युनियन मात्र १९९५ पर्यंत अधिकृतपणे हौशी राहिली.

आता मैदानावरच्या जागा, म्हणजे कुणी काय खेळायचं. लीगमध्ये लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये आत फेकणं) नाही, आणि स्क्रम (दोन्ही संघांचे जण एकमेकांना भिडून चेंडूसाठी ढकलतात तो) सहा-सहा जणांचा, नावापुरता. त्यामुळे ८ आणि १० नंबरच्या प्रॉपचं, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या रांगेतल्या खेळाडूचं, काम म्हणजे बचावाच्या भिंतीत घुसून मीटर मिळवणं. ११ आणि १२ कडेच्या बाजूने धावतात. ६ आणि ७ खेळ चालवतात. किक बहुतेक ७ ची. आपल्या ४० मीटर रेषेच्या मागून मारलेली किक मैदानात टप्पा घेऊन समोरच्यांच्या २० मीटर रेषेपलीकडे बाहेर गेली, तर चेंडू परत आपल्याच संघाला, तोही नव्या सहा टॅकलसह. १ नंबरचा फुलबॅक मागून सगळा बचाव हाकतो. युनियनमध्ये हाच फुलबॅक १५ नंबर घालतो; तिकडे १ म्हणजे प्रॉप.

युनियनमध्ये वेगवेगळ्या शरीरयष्टींना वाव जास्त. उंच मुलगा लाइनआउटमध्ये चेंडू झेलणारा लॉक होतो, रुंद आणि जड मुलगा प्रॉप. पण स्क्रमच्या पुढच्या रांगेत कुणालाही उभं करता येत नाही. मान आणि पाठ कशी ठेवायची याचं प्रशिक्षण घेतलेलाच तिथे लागतो. तसा खेळाडू उरला नाही तर पंच ढकलाढकलीविनाच स्क्रम लावतो. लीगमध्ये सगळ्यांनाच पळावं लागतं. बाहेर गेलेला परत आत येऊ शकतो खरा, पण एनआरएलमध्ये (ऑस्ट्रेलियातली वरच्या दर्जाची लीग स्पर्धा) अशा अदलाबदली सामन्यात ८ च. युनियनमध्ये डावपेच म्हणून बदललेला खेळाडू, काही अपवाद सोडले तर, परत येत नाही.

म्हणून सडपातळ, दमदार, वारंवार धावायला कंटाळत नाही अशाला लीग द्यावी. ज्याला चेंडूसाठी झगडायला आवडतं, किंवा ज्याचं शरीर एका खास कामाचं आहे, त्याला युनियन. भारतात परतून खेळायचं असेल तर युनियनच. पहिल्यांदा बघणाऱ्याला मात्र लीग सोपी. युनियनचा रक आणि त्यात पंचाने नेमकी कशावर शिट्टी मारली हे कळायला वेळ जातो.

नाव नोंदवण्याआधी क्लबला टॅकलच्या उंचीचा नियम विचारा. डोकं आणि मान दोन्ही खेळांत वर्ज्यच, पण टीव्हीवरच्या सामन्याचा नियम क्लबच्या मैदानावर चालेलच असं नाही. इंग्लंडच्या क्लब पातळीवरच्या युनियनमध्ये २०२३ पासून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाखालीच टॅकल करावा लागतो.