कोकणात जागा घेताना एजंट: दोन टक्के कशाचे?

दापोली, गुहागर, मालवण, वेंगुर्ला, कुठेही जा, 'रोडटच, सी-व्ह्यू, टायटल क्लिअर' एका दमात म्हणणारा एजंट भेटतोच. व्यवहाराच्या रकमेवर घेणाऱ्याकडून दोन टक्के आणि विकणाऱ्याकडून दोन टक्के, हा साधारण प्रघात. घासाघीस केली तर एकावर येतो. हे पैसे स्वस्त की महाग, ते कळतं त्या जागेच्या सातबाऱ्यावरून.

म्हणून गाडी काढण्याआधी सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर मागायचा. एजंट टाळाटाळ करतो, कारण गिऱ्हाईक परस्पर मालक गाठेल ही त्याची भीती. ती खोटीही नाही. दलालीचं चार ओळींचं पत्र आधी सही करून दिलं की नंबर मिळतो. मग डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या डिजिटल सातबारा संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो.

त्यावर एकच नाव, जमीन वर्ग १ (म्हणजे विकायला सरकारी परवानगी न लागणारी) आणि इतर हक्काचा रकाना कोरा असेल, तर एजंटचं काम आठवड्याभराचं. अशा व्यवहाराला टक्केवारी देऊच नये, ठोक रक्कम ठरवावी. मात्र नावापुढे 'ए.कु.मॅ.' लिहिलंय का, ते नीट बघा. एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे नाव एका भावाचं आणि हक्क सगळ्यांचा. जुना फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, काढला की बाकीचे भाऊ-बहिणी त्यात सापडतात.

खरी दलाली वसूल होते ती सतरा-अठरा नावांच्या सामाईक सातबाऱ्यावर. त्यातले चार वारलेले, वारसनोंद झालेली नाही, एक भाऊ डोंबिवलीत, एक बडोद्यात, दोन बहिणींचं हक्कसोडपत्र राहिलेलं. चांगला एजंट आधी वारसनोंदी मार्गी लावतो, येऊ न शकणाऱ्यांची नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्रं करून घेतो आणि साठेखताची, म्हणजे खरेदीखताआधीच्या कराराची, तारीख गणपतीत किंवा मे महिन्यात धरतो, कारण तेव्हाच सगळे चाकरमानी गावात असतात. कोण कोणाशी बोलत नाही आणि कोणाच्या शब्दावर कोण सही करेल, हे वकिलाला माहीत नसतं. इथे दोन टक्के खरंच कमी आहेत.

महाग पडतो तो 'नेट भाव'वाला. मालकाला हातात इतके मिळतील, वरचे माझे, असा हा सौदा. समजा २० गुंठे जागा, मालकाला गुंठ्याला एक लाख दहा हजार कबूल केलेत आणि तुम्हाला दीड लाख सांगितलेत. तीस लाखांवर दोन टक्के म्हणजे साठ हजार. इथे मधल्या मध्ये आठ लाख जातात, वर तुमच्याकडून दलाली वेगळीच. मालकाशी समोरासमोर बसून भाव ऐकल्याशिवाय बयाणा देऊ नये. 'मालक भेटत नाहीत, मुंबईला असतात' हे उत्तर आलं तर मुंबईला जावं. एसटीचं तिकीट आठ लाखांपेक्षा स्वस्त आहे.

कायद्याची बाजू एजंट सांभाळतो हा गैरसमज सोडलेला बरा. रेरात, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात, नोंदणी लागते ती नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट-प्लॉट विकणाऱ्या एजंटला. सुट्या शेतजमिनीचा व्यवहार त्यात येत नाही, त्यामुळे एजंटच्या कार्डावर छापलेला रेरा नंबर तुमच्या आंब्याच्या बागेला काही कामाचा नाही. मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल स्वतःच्या वकिलाकडूनच घ्या, एजंटने सुचवलेल्या वकिलाकडून नको.

तीन ठिकाणी एजंटची आश्वासनं हमखास फसतात. पहिलं, 'शेतकरी दाखला काढून देतो'. कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन सरकारजमा होऊ शकते. दुसरं, 'पाच गुंठे घ्या, सामाईकात नाव लावून देतो'. रत्नागिरी-सिंधुदुर्गात २०२३ च्या अधिसूचनेनुसार शेतजमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र जिरायत २० गुंठे, बागायत १० गुंठे, त्याहून लहान तुकडा वेगळा विकता येत नाही. सामाईकात नाव लागलं तरी तुमचे पाच गुंठे नेमके कुठले, हे कागदावर कुठेच नसतं. तिसरं, कुळाची जमीन. सातबाऱ्यावर कूळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा (विक्रीवरचं बंधन) असेल तर ३२म चं, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याचं, प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झालीत का आणि आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट रक्कम भरलीय का, ते तपासा.

जागेवर एजंट हद्द दाखवतो ती हाताने. 'त्या गडग्यापर्यंत आपलं.' जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आजोबांच्या सोयीने घातलेला असतो, नकाशाशी त्याचा संबंध असेलच असं नाही. भूमी अभिलेखची मोजणी झाल्याशिवाय साठेखत करू नका. मोजणीचा अर्ज मालकाच्या नावाने, खर्च कोणाचा ते आधी ठरवून. रस्त्याचंही तसंच. पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, जागेवर पोचलात म्हणजे जेसीबी पोचेल असं नाही. वाट दुसऱ्याच्या हिश्श्यातून जात असेल तर त्याची नोंदणीकृत संमती घ्या. नाहीतर पुढे तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली रस्ता मागत बसावं लागतं. विहिरीचं पाणी मे महिन्यात बघा, जानेवारीत सगळ्याच विहिरी भरलेल्या दिसतात. सी-व्ह्यू असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनारी बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्याचा, नकाशाही बघा.

पैशांचं असं ठरवा. बयाणा थेट मालकाच्या खात्यात, एजंटच्या हातात एक रुपयाही नाही. रोखीने तर मुळीच नाही. स्थावर व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घेणाऱ्याला आयकराचा तितकाच दंड आहे. एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर दलालीवर १८ टक्के वेगळे, ते धरून बोला. दलाली तीन हप्त्यांत: पाव भाग साठेखताला, अर्धा खरेदीखताला, उरलेला पाव फेरफार मंजूर झाल्यावर. या शेवटच्या पावावर बहुतेक एजंट कुरकुरतात, पण तो सोडू नका. खरेदीखतानंतर तलाठ्याची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, आणि नेमका त्याच पंधरवड्यात बडोद्याचा भाऊ हरकत घेतो. पैसे यायचे राहिलेले असले की एजंट पहिल्या रिंगला फोन उचलतो.