ऑनलाइन मागवलेली १५० सीसीची चिनी स्कूटर : टेक्सासमधील काही महिन्यांच्या वापरानंतर

डॅलसजवळच्या उपनगरात राहून जवळच कामाला जाणाऱ्या माणसाला दुसऱ्या कारऐवजी स्कूटर पुरते, या हिशेबाने मी चिनी बनावटीची १५० सीसी स्कूटर एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली. होंडाची जवळपास एवढ्याच सीसीची स्कूटर शोरूममध्ये चार हजार डॉलरच्या घरात जाते. ही वाहतुकीच्या खर्चासह तिच्या निम्म्याहून कमी किमतीत दारात आली. कित्येक महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर गाडीबद्दल माझे मत चांगले आहे. विक्रीच्या पद्धतीबद्दल मात्र सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

असे विक्रेते सहसा गाडी स्वतःकडे ठेवत नाहीत. आपण पैसे भरले की ते ऑर्डर आयातदाराकडे पाठवतात आणि गाडीचा क्रेट, म्हणजे बंद खोका, आयातदाराच्या गोदामातून थेट आपल्या पत्त्यावर निघतो; म्हणजे ज्याने गाडी विकली, त्याने ती डोळ्यांनी पाहिलेलीही नसते. पुण्यामुंबईत शोरूमवाले गाडी तपासून, पासिंग करून हातात देतात. ते सगळे काम येथे ग्राहकाच्या अंगावर पडते, आणि वाचलेले पैसे ही त्या कामाचीच मजुरी समजावी.

ट्रकवाला क्रेट रस्त्याच्या कडेला उतरवून निघून जातो. लिफ्टगेटची, म्हणजे ट्रकमागच्या खालीवर होणाऱ्या फळीची, सोय आधीच मागून घ्यावी, आणि सही करण्यापूर्वी पुठ्ठा उघडून प्लास्टिकचे भाग, आरसे, सायलेन्सर पाहावेत. काही तुटले असेल तर ते पावतीवरच लिहावे, कारण कोऱ्या पावतीवर सही झाल्यावर भरपाई मिळवणे फार अवघड जाते.

पुढचे चाक, हँडल आणि बॅटरी बसवणे हे फारसे कठीण नाही. खरे काम त्यानंतर सुरू होते. या गाडीतले जीवाय६ इंजिन होंडाच्या जुन्या रचनेवरून तैवानमार्गे चीनमध्ये पसरलेले, साधे आणि दणकट आहे, पण कारखान्यातली जुळणी घाईची असते. मी प्रत्येक नटबोल्ट तपासला, तेव्हा सायलेन्सरचे आणि मागच्या शॉकॲब्सॉर्बरचे बोल्ट हाताने फिरतील इतके सैल निघाले. ते लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून घट्ट केले. कारखान्यातून भरून आलेले ऑइल थोड्याच अंतरानंतर काढले, तर परातीत उन्हात चमकणारा धातूचा बारीक कीस दिसला. हे इंजिन जेमतेम पाऊण-एक लिटर ऑइलवर चालते, त्यामुळे सुरुवातीला ते लवकर बदलण्यात कंजुषी करू नये. गार इंजिनवर, फ्लायव्हीलवरची टी खूण जुळवून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची बारीक फट, पाहिले, तेव्हा एक्झॉस्टचा टॅपेट अगदी घट्ट होता, ०.१० मिलिमीटरचे फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून सेट केल्यावर सकाळचे स्टार्टिंग लगेच सुधारले. टेक्सासच्या उन्हाळ्यात मूळ पेट्रोल पाइप चिरू लागले, तेही बदलले. आता गाडी ताशी ४५ मैलांवर निवांत चालते. हायवेवर मी ती नेत नाही.

सर्वांत जास्त मनस्ताप झाला तो कागदपत्रांचा. अमेरिकेत नव्या गाडीचे टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, मिळण्यासाठी उत्पादकाचे मूळ प्रमाणपत्र लागते, त्याला येथे एमसीओ किंवा एमएसओ म्हणतात. त्याच्या मागील बाजूवर विक्रेत्याने ग्राहकाच्या नावे हस्तांतरण भरून सही करायची असते. माझा कागद गाडीनंतर बराच उशिरा टपालाने आला आणि ती जागा कोरीच होती. काउंटीच्या कर कार्यालयातील बाईंनी टायटलसाठीचा १३०-यू अर्ज नीट तपासला, कागद उलटून पाहिला आणि सहीशिवाय टायटल देता येणार नाही, असे सौजन्याने सांगितले. विक्रेत्याकडे फोन लागेना, ईमेलला ठरावीक उत्तरे येत राहिली, आणि तयार गाडी गॅरेजमध्ये तशीच उभी राहिली. क्रेडिट कार्डाच्या बँकेकडे रीतसर तक्रार करतो असे लेखी कळवल्यावर सही केलेला कागद आला. तेव्हा पैसे कार्डनेच भरावेत, आणि चासीवरील १७ अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, एमसीओवरील क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा.

वॉरंटी केवळ सुट्या भागांची होती, मजुरीची नाही, आणि जवळच्या दुकानांनी चिनी स्कूटर हातात घ्यायला सरळ नकार दिला. सुटे भाग मात्र मुबलक आणि स्वस्त आहेत. व्हेरिएटरचे (गिअरऐवजी वेग जुळवणाऱ्या भागाचे) रोलर, बेल्ट, कार्ब्युरेटर, सारे घरपोच मिळते. ज्याला पाना हातात धरायची सवय नाही किंवा ज्याला ते शिकून घ्यायचे नाही, त्याला मी ही गाडी अशा रीतीने घ्यायला सुचवणार नाही. त्याने जवळच्या दुकानातून तैवानी बनावटीची जुनी स्कूटर घ्यावी. टेक्सासमध्ये १५० सीसीसाठी मोटरसायकलचे एम वर्गाचे लायसन्स लागते, याची माहिती माझ्या विक्रेत्याच्या पानावर कुठेही नव्हती. कॅलिफोर्नियातील मराठी मंडळींनी तर ऑर्डर देण्यापूर्वीच गाडीला तिथल्या हवा मंडळाची, म्हणजे कार्बची, मान्यता आहे का हे लेखी विचारावे. ती नसलेल्या नव्या गाडीची नोंदणी तिथे होत नाही, आणि परत पाठवायची झाल्यास वाहतुकीचा खर्च बहुधा आपल्याच माथी येतो.