समानता आराखड्यासाठी ‘गिअर’ : खानदेशातल्या संशोधन केंद्रांना कितपत उपयोगी?

युरोपीय संघाच्या विल्नियस इथल्या लिंगभाव समानता संस्थेचं ‘गिअर’ हे साधन इंटरनेटवर फुकट मिळतं. संस्थेनं स्त्री-पुरुष समानतेचा आराखडा कसा करायचा, ते त्यात सांगितलंय. विद्यापीठ, संशोधन केंद्र किंवा निधी देणारी संस्था, कुणीही वापरावं. तयारी, आकडेवारीची तपासणी, आराखडा, अंमलबजावणी, मूल्यमापन आणि पुढची दिशा असे सहा टप्पे. ‘होरायझन युरोप’ या युरोपीय संघाच्या संशोधन कार्यक्रमाचा निधी मागणाऱ्या तिथल्या सार्वजनिक संस्था आणि विद्यापीठांना २०२२ पासून असा आराखडा सक्तीचा आहे. भारतीय भागीदाराला ही सक्ती नाही. तेव्हा जळगाव-धुळ्याकडच्या संस्थेनं तो करायचा तर स्वतःच्या गरजेपोटी.

दुसरा टप्पा सगळ्यात भक्कम, आणि आपल्याकडे गाडं अडतं तेही तिथंच. आस्थापना विभागाकडून ‘स्त्रिया इतक्या, पुरुष इतके’ एवढाच तक्ता येतो. त्यात तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, प्रकल्प सहायक, पीएच.डी.चे विद्यार्थी नसतातच. माणसागणिक एक ओळ ठेवा: पद, नेमणुकीचा प्रकार, रुजू तारीख, शेवटची बढती, घेतलेली दीर्घ रजा, किती समित्यांवर आहे. चार जणांच्या विभागाची टक्केवारी काढू नका. दोघींपैकी एक बाई निवृत्त झाली की आकडा पन्नासवरून तेहतीसवर येतो. तिथं नुसती संख्या लिहा आणि पाच वर्षांचे आकडे शेजारी मांडा. समित्यांचा रकाना तर हमखास बोलका: प्रत्येक समितीत एक स्त्री हवी म्हणून त्याच मॅडम सगळीकडे, आणि त्यांच्या संशोधनाचे तास त्यातच जातात.

‘होरायझन युरोप’च्या सक्तीच्या अटी चारच: प्रमुखाच्या सहीचा जाहीर दस्तऐवज, स्वतंत्र मनुष्यबळ व पैसा, दरवर्षीची आकडेवारी, प्रशिक्षण. दुसऱ्या अटीला आपल्याकडे सरळ बगल मिळते. महिला कक्षाच्या समन्वयकांवर अध्यापनभार तोच ठेवून आराखडा सोपवला, तर तो फाइलमध्येच राहणार.

‘गिअर’मधला संशोधनाच्या विषयात लिंगभाव आणण्याचा भागही चांगला आहे, पण उदाहरणं आपल्या शेताची नाहीत. कापूस वेचणी बायका करतात. वेचणीच्या यंत्राची चाचणी पुरुषांच्या हातांवर घेतली तर मुठीचा घेर आणि वजन दोन्ही चुकतात. असं उदाहरण तुमचं तुम्हीच घालायचं.

भारतीय कायदा यात अर्थातच नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असले की अंतर्गत समिती लागते: अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरचा, चौकशी ९० दिवसांत. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा मिळू शकते, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत आहे. हे वेगळं जोडावं लागतं. मराठी आवृत्तीही नाही.

निधी देणाऱ्यांनी एवढं तरी उचलावंच: अर्ज किती आले आणि मंजूर किती झाले, हे स्त्री-पुरुष वेगळं मोजा, वयाची अट मोजताना रजेचा काळ वजा करा. नुसते मंजूर प्रकल्प मोजले तर अर्जच कमी येतात की छाननीत गळतात, ते कळत नाही.

महाविद्यालयातल्या छोट्या केंद्रानं सहाही टप्प्यांच्या मागे लागू नये. पहिल्या वर्षी दुसरा टप्पा आणि समित्यांची फेरवाटणी, एवढं बस्स.