बिचवा : ठोकून घडवावा की कानशीने उतरवावा?

मराठा पद्धतीचा बिचवा, म्हणजे वळणदार खंजीर, स्वतः तयार करून त्याचे छायाचित्रही नीट काढायचे असेल, तर आधी एक निवड करावी लागते. पोलाद तापवून ऐरणीवर ठोकायचे, की तयार पट्टी कापून ग्राइंडर आणि कानशीने आकार उतरवायचा? बिचव्याचे पाते दुहेरी वळणाचे व दुधारी असते, आणि ते वळणच या निवडीत कळीचे ठरते.

ठोकताना अरुंद पट्टीलाच वळण देता येते. कापताना मात्र नागमोडी आकार ज्यात मावेल एवढी रुंद पट्टी घ्यावी लागते आणि बरेचसे पोलाद भंगारात जाते. उलट, एका बाजूची धार ठोकून पातळ केली की तो काठ लांबतो व पाते दुसऱ्या बाजूला झुकते, म्हणून दोन्ही बाजू आळीपाळीने सांभाळाव्या लागतात. शिवाय भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळून जात असल्याने घडवलेले पातेही शेवटी घासावेच लागते. कानशीपासून सुटका कोणत्याच वाटेने नाही.

ट्रकचा जुना कमानपाटा (लीफ स्प्रिंग) स्वस्त मिळतो, परंतु त्यात न दिसणाऱ्या भेगा असू शकतात आणि तो आधी लाल तापवून राखेत सावकाश निववावा लागतो. घासून काम करणाऱ्याने ५१६० जातीच्या पोलादाची, सुमारे ०.६ टक्के कार्बन असलेली, ५ मिलिमीटर जाडीची नवी पट्टी घेणे बरे.

पाणी देण्याची, म्हणजे तापवलेले पाते एकदम निववून कडक करण्याची, रीत दोन्हीकडे एकच आहे. (म्हणायचे पाणी, पण या पोलादाला तेलच मानवते.) सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोहचुंबक चिकटेनासा होतो, त्याहून थोडे अधिक तापवून पाते कोमट तेलात सरळ उभे बुडवावे. तेलाचा भडका उडतो, त्यामुळे हे काम गॅलरीत करू नये. काठ तोवर दीड मिलिमीटर जाड ठेवावेत. माझे पहिले पाते मी हौसेने आधीच पातळ केले होते, आणि तेलातून बाहेर आले ते पिळवटूनच. त्यानंतर २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा शेकावे.

पहिला बिचवा घासूनच करावा, असे माझे मत आहे. हातोड्याचा अंदाज दुसऱ्या-तिसऱ्या पात्याला येतो. खंजीर, तलवारी शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कक्षेत येतात, म्हणून कामाआधी पोलीस ठाण्यात चौकशी करावी. मी धार बोथटच ठेवतो.

छायाचित्राचा विचार झिलई करतानाच करावा. आरशासारखे चमकवलेले पाते हातात देखणे वाटते, पण कॅमेऱ्यापुढे ते समोरचे सगळे दाखवते; माझ्या एका फोटोत पात्याच्या ऐन मध्यावर माझा चौकडीचा शर्ट उमटला होता. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेने घासलेले पाते मऊ उजळते व वळण स्पष्ट दाखवते. फ्लॅशने एक पांढरा ठिपका आणि बाकी काळोख एवढेच हाती लागते. त्यापेक्षा खिडकीवर पांढरी चादर ताणावी, पाते करड्या कापडावर आडवे ठेवावे, आणि खिडकीच्या विरुद्ध बाजूला काळ्या कार्डशीटची पट्टी उभी करावी, म्हणजे एक उतार उजळ, दुसरा गडद होऊन मधली रेषा उठून येते. मोबाइल जवळ नेल्यास वळण खोटे दिसते, तेव्हा मागे सरकून दुप्पट झूम वापरावा. बोटांचे ठसे स्पिरिटने पुसून मगच फोटो काढावा, आणि फोटो झाल्याबरोबर, मूठ हातात धरण्याआधीच, पात्याला तेल लावावे.