एनआरओ एफडीवर कापलेला टीडीएस दुबईत बसून परत मिळवला : आयकरच्या ई-फायलिंग पोर्टलचा रिव्ह्यू

स्टार आधीच देऊन टाकते, पाचपैकी चार. सरकारी वेबसाइटला चार स्टार दिलेले बघून काही जणांच्या भुवया वर जातील पण मी वापरून सांगतेय, आणि ज्या कामासाठी वापरलं ते काम झालं, पैसे खात्यात आले. इथे गल्फमध्ये आपली इतकी माणसं आहेत, रत्नागिरी-चिपळूणची, पुण्याची, ठाण्याची, आणि त्यातल्या कितीतरी जणांचे दरवर्षी हजारो रुपये नुसते पडून राहतात कारण हे परत मागायचे असतात हेच कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते, घाई असेल तर मधलं हिशोबाचं तेवढं वाचा.

तर विषय असा की आपण बाहेर नोकरीला आलो की भारतातलं साधं सेव्हिंग खातं एनआरओ (भारतात तयार होणाऱ्या पैशासाठीचं एनआरआयचं खातं) करून घ्यावं लागतं, फेमाचा म्हणजे परकीय चलन कायद्याचा नियमच आहे तो, आणि त्या खात्यात किंवा तिथल्या एफडीवर जे व्याज मिळतं त्यावर बँक पहिल्या रुपयापासून ३० टक्के टॅक्स आणि वर ४ टक्के सेस असे एकूण ३१.२ टक्के आधीच कापून सरकारकडे भरते, तोच हा टीडीएस. भारतात राहणाऱ्या माणसाचे १० टक्के कापतात, तेही वर्षाचं व्याज ५० हजारांच्या वर गेलं तर, सीनियर सिटिझन असेल तर १ लाखाच्या वर. आपल्याला तशी काही मर्यादाच नाही. शंभर रुपये व्याज आलं की ३१ रुपये २० पैसे गेले. १५जी, १५एच फॉर्म भरून थांबवता येईल म्हणाल तर ते फॉर्म एनआरआयला चालत नाहीत.

मग लोक काय करतात, स्टेटमेंटमध्ये तो आकडा बघतात, हळहळतात आणि गप्प बसतात, कारण डोक्यात पक्कं बसलेलं असतं की हा एनआरआयचा टॅक्स आहे, गेला तो गेला. अहो नाहीये तसं! ३१.२ हा बँकेने कापायचा दर आहे, तुमचा टॅक्स नाही. तुमचा टॅक्स ठरतो स्लॅबवर, म्हणजे उत्पन्नाच्या टप्प्यांप्रमाणे असलेल्या दरांवर, आणि एनआरओच्या व्याजाला स्लॅब तेच लागतात जे पुण्यातल्या तुमच्या भावाला लागतात.

हिशोब बघा. समजा आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये तुमचं एनआरओ एफडीचं व्याज २ लाख झालं आणि भारतात दुसरं काही उत्पन्न नाही. बँकेने कापले ६२,४००. नवीन टॅक्स रेजीममध्ये (करपद्धतीत) ४ लाखांपर्यंत टॅक्स शून्य, म्हणजे तुमचा टॅक्स शून्य, म्हणजे ६२,४०० पूर्णच्या पूर्ण परत. आता व्याज ६ लाख धरा. कापले १,८७,२००. खरा टॅक्स किती, तर ४ लाखांच्या वरच्या २ लाखांवर ५ टक्के म्हणजे १० हजार, सेस ४००, एकूण १०,४००. बाकीचे १,७६,८०० तुमचे आहेत, मागितले तर मिळतात, नाही मागितले तर नाही मिळत, आपणहून कुणी आणून देणार नाही. एक लक्षात ठेवा, १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही असं जे टीव्हीवर ऐकलंत ते कलम ८७ए च्या रिबेटमुळे (टॅक्समधल्या सवलतीमुळे) आहे आणि तो रिबेट फक्त रेसिडेंटला मिळतो, आपल्याला नाही. तसंच जुन्या रेजीममध्ये सीनियर लोकांना जी जास्तीची सूट असते तीही एनआरआयला नाही, त्यामुळे आईवडील तुमच्याकडे येऊन राहिले आणि त्यांचं स्टेटस एनआरआय झालं तर त्यांचा हिशोब पण असाच होतो.

आता पोर्टलबद्दल. हे सध्याचं पोर्टल २०२१ च्या जूनमध्ये सुरू झालं. पॅन हाच युजर आयडी. आत गेल्यावर पहिलं काम रिटर्न भरणं नाहीच, पहिलं काम म्हणजे प्रोफाइलमध्ये जाऊन रेसिडेन्शियल स्टेटस नॉन-रेसिडेंट आहे का बघणं, हे प्लीज करा. पॅन-आधार लिंकिंगमधून एनआरआयना सूट आहे पण तुम्ही एनआरआय आहात हे खात्याच्या रेकॉर्डला असेल तरच ना! खूप जणांचं पॅन भारतात असताना काढलेलं, स्टेटस तसंच रेसिडेंट राहिलेलं, आणि जुलै २०२३ पासून ती पॅन इनऑपरेटिव्ह म्हणजे निष्क्रिय झाली. इनऑपरेटिव्ह पॅनवर रिफंड येत नाही आणि त्या काळाचं रिफंडवरचं व्याजही मिळत नाही. तसं झालं असेल तर पासपोर्टच्या कॉपी वगैरे घेऊन आपल्या असेसिंग ऑफिसरला (आपलं पॅन ज्याच्याकडे येतं त्या आयकर अधिकाऱ्याला) कळवावं लागतं, मग ते सुरू होतं.

दुसरं काम बँक खातं प्री-व्हॅलिडेट करणं, म्हणजे पोर्टलवर आधीच पडताळून घेणं. खात्याच्या प्रकारात एनआरओचा पर्याय असतो तोच निवडा आणि बँकेतलं नाव पॅनवरच्या नावाशी जुळतंय ना ते बघून घ्या, लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तर विशेषकरून, कारण रिफंड मंजूर होऊनही केवळ नाव जुळलं नाही म्हणून अडकू शकतो.

मग रिटर्न. फॉर्म आयटीआर-२. आयटीआर-१ कितीही सोपा दिसला तरी तो एनआरआयसाठी नाही. यात पोर्टलची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बरीचशी माहिती आधीच भरून येते, बँकेने कापलेला टीडीएस आपोआप दिसतो, आपण २६एएस आणि एआयएस (आपल्या नावावर कापलेला टॅक्स आणि उत्पन्न दाखवणारी खात्याची स्टेटमेंट्स) उघडून आकडे जुळवायचे. पण यासाठी जूनपर्यंत थांबा. आपला टीडीएस बँक २७क्यू नावाच्या तिमाही स्टेटमेंटमध्ये भरते आणि जानेवारी ते मार्चच्या तिमाहीची मुदत ३१ मे असते, त्यामुळे एप्रिलमध्ये उत्साहाने लॉगिन केलंत तर शेवटच्या तिमाहीचा टीडीएस दिसणारच नाही. जूनमध्ये २६एएस मध्ये कलम १९५ (एनआरआयच्या टीडीएसचं कलम) खाली चारही तिमाह्या दिसल्या की बसा भरायला. साधारण मुदत ३१ जुलै, ती चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं.

भरताना स्टेटस नॉन-रेसिडेंट, कुठल्या देशाचे रहिवासी ते आणि तिथला टॅक्स नंबर, मग इतर उत्पन्नात व्याज. सेव्हिंगचं वेगळं आणि एफडीचं वेगळं लिहायचं. परदेशातल्या मालमत्तेचं जे शेड्युल एफए असतं त्याची भीती बाळगू नका, ते नॉन-रेसिडेंटला लागू नाही, इथलं पगाराचं खातं, इथली गाडी, काही सांगावं लागत नाही. एनआरई (परदेशातली कमाई ठेवायचं) खात्याचं व्याज भारतात करमुक्त आहे, ते एक्झेम्प्टच्या रकान्यात दाखवायचं. आणि हो, यावरूनच एक सल्ला, इथून कमावलेले पैसे एनआरओत पाठवूच नका, एनआरईत पाठवा, मग या कापाकापीचा प्रश्नच येत नाही. एनआरओ फक्त भारतात तयार होणाऱ्या पैशासाठी ठेवा, भाडं, जुनी एफडी, डिव्हिडंड असलं.

स्टार एक का कापला तर तो ई-व्हेरिफिकेशनसाठी. रिटर्न सबमिट करून काम संपत नाही, ३० दिवसांत व्हेरिफाय केलं नाही तर ते धरलं जात नाही. आणि सगळ्यात सोपा रस्ता आधार ओटीपीचा, तो आधारला जोडलेल्या भारतीय मोबाइलवर येतो, आपल्यातल्या निम्म्या लोकांनी तो नंबर कधीच सोडलेला असतो. पर्याय आहेत, नेटबँकिंगमधून लॉगिन करून व्हेरिफाय करता येतं आणि मी तेच केलं, एका मिनिटात झालं, पण त्यासाठी तुमच्या बँकेने ती सोय दिलेली हवी आणि नेटबँकिंग चालू हवं. तेही नसेल तर आयटीआर-व्ही (रिटर्नची पावती) छापून, सही करून बेंगळुरूच्या सीपीसीला (आयकरच्या प्रक्रिया केंद्राला) टपालाने पाठवायचा. दुबईच्या करामामध्ये राहणाऱ्या माणसाने ३० दिवसांत हे कसं जमवायचं? परदेशी नंबर असलेल्यांसाठी ईमेलवरच्या ओटीपीने व्हेरिफिकेशन करू दिलं तर हजारो लोकांचं काम सोपं होईल, मनापासून वाटतं मला हे.

बाकी पुढचं सगळं छान. काही आठवड्यांत कलम १४३(१) ची इंटिमेशन (रिटर्न तपासल्याची सूचना) ईमेलवर आली, आकडा मी काढला होता तोच, आणि पैसे थेट एनआरओ खात्यात. वर व्याजसुद्धा दिलं, महिन्याला अर्धा टक्का या हिशोबाने, मुदतीत रिटर्न भरलं असेल तर १ एप्रिलपासून धरतात. ते व्याज पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवायला विसरू नका.

आता जरा कडू बोलते. हे स्वतः करायच्या आधी मी एका कन्सल्टन्सीला विचारलं होतं, नाव लिहीत नाही, त्यांनी मला डीटीएए (एकाच उत्पन्नावर दोनदा टॅक्स लागू नये म्हणून दोन देशांत झालेला करार) पॅकेज सांगितलं. आधी इथलं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट काढा, मग टेन-एफ हा करारासाठीचा फॉर्म भरा, मग सेल्फ डिक्लरेशन, आणि फी रिफंडच्या टक्केवारीत. डीटीएए चांगलीच गोष्ट आहे, करारानुसार यूएईच्या रहिवाशाच्या व्याजावर भारतात जास्तीत जास्त १२.५ टक्के टॅक्स, आणि ही कागदं वर्षाच्या सुरुवातीला बँकेत दिली तर बँक ३१.२ च्या ऐवजी १२.५ कापते, म्हणजे पैसे अडकून राहत नाहीत. पण रिफंडसाठी ते लागतंच असं नाही! वरचंच उदाहरण घ्या, ६ लाखांवर करारानुसार ७५ हजार होतात आणि स्लॅबनुसार १०,४००. कायद्याने दोन्हींतलं आपल्या फायद्याचं असेल ते घेता येतं, मग स्लॅबचा टॅक्स कमी येत असताना सर्टिफिकेटची फी कशाला भरायची? व्याज १५ लाख झालं तरी स्लॅबचा टॅक्स सेस धरून १,०९,२०० येतो, म्हणजे साडेसात टक्क्यांच्याही आत. आणि टक्केवारीत फी मागणाऱ्यापासून लांबच राहा, सीएंना त्यांच्या व्यवसायाच्या नियमांनी सहसा तशी फी घेता येत नाही, चांगला सीए ठरलेली रक्कम सांगतो. नसलेल्या वजावटी टाकून रिफंड वाढवून देतो म्हणणारे तर थेट अडचणीत आणतात, रिटर्न तुमच्या नावावर असतं, नोटीस तुम्हाला येते.

सीए घ्यायचाच नाही असं मात्र माझं म्हणणं नाही. फ्लॅट विकलाय, शेअर्स आहेत, भारतात वर्षात बरेच दिवस राहिलात, तर घ्याच. आणि गल्फवाल्यांनी खास लक्षात ठेवा, भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर गेलं आणि तुम्ही भारतीय नागरिक असून दुसऱ्या कुठल्याच देशात टॅक्स भरायला बांधील नसाल तर कायदा तुम्हाला डीम्ड रेसिडेंट धरतो, मग हिशोब वेगळा होतो, तिथे जाणकार माणूस पाहिजेच.

लंडन, न्यू जर्सी, फ्रँकफर्टवाल्यांसाठी दोन ओळी, कारण माझ्या बहिणीने विचारलं होतं. करारातला दर यूके आणि अमेरिकेसाठी १५ टक्के, जर्मनीसाठी १०. तुमच्याकडे हे व्याज तिथल्या रिटर्नमध्येही दाखवावं लागतं आणि भारतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं, म्हणून पुष्कळ जण म्हणतात की राहू दे ते कापलेलं, इकडे क्रेडिट घेऊ. तसं होत नाही. क्रेडिट भारतात खरोखर देणं लागत असलेल्या टॅक्सचं मिळतं, जो परत मिळू शकत होता आणि तुम्ही मागितलाच नाही त्याचं नाही. म्हणजे आधी भारतातलं रिटर्न, मग तिकडचं. आम्हा दुबईकरांना तर इथे पगारावर, व्याजावर टॅक्सच नाही, क्रेडिट कशातून घेणार? रिफंड हा एकच रस्ता.

राहिलं मागच्या वर्षांचं. माझ्या ऑफिसमधल्या एका दादांची अकोल्याच्या बँकेत एफडी आहे, कित्येक वर्षं कापतायत आणि त्यांनी एकही रिटर्न भरलं नव्हतं. त्यांना वाटलं सगळं बुडालं. तर नाही, कलम ११९(२)(बी) खाली उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो, ऑक्टोबर २०२४ च्या सर्क्युलरनुसार त्या असेसमेंट वर्षाच्या (म्हणजे कमाईच्या आर्थिक वर्षानंतरच्या वर्षाच्या) अखेरीपासून पाच वर्षांच्या आत. अर्ज पोर्टलवरूनच जातो, उशिराचं खरं कारण लिहावं लागतं, पुरावे जोडावे लागतात, अधिकाऱ्याने मान्य केला तर त्या वर्षाचं रिटर्न भरून रिफंड मागता येतो. उशिराच्या काळाचं व्याज यात मिळत नाही, पण मुद्दल तर मिळतं. दादांनी बँकेकडून जुने १६ए (टीडीएस कापल्याची सर्टिफिकेटं) मागवले आहेत, तुमच्याकडेही असतील तर सगळ्यात जुन्या वर्षापासून सुरुवात करा, त्याची मुदत आधी संपते.